लक्षणांची सुरुवात

"सुरुवात कधी झाली, काकू? नुसतं वर्ष सांगितलंत तरी चालेल," इन्शा म्हणाली आणि पेन कागदावर टेकवून थांबली. कॅनडा कॉर्नरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना सात मिनिटं दिली होती. उरलेले प्रश्न विचारायचं काम या मुलीचं होतं. वय सत्तावीस-अठ्ठावीस, मानसशास्त्राची पदवी, डोक्यावरची ओढणी सारखी सावरायची सवय. शेजारच्या खुर्चीवर निवृत्ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकादशी, संकष्टी, बँकांना सुट्टी. त्यांची बायको उज्वला उत्तर घरून तयार करून आली होती. दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला त्यांनी बहिणीच्या ताटातली करंजी उचलून खाल्ली होती आणि ती बघतच राहिली तेव्हा दुसरीही उचलली होती. नंतर गल्लीतल्या ठमाबाई वारल्या, तर प्रेत अंगणात असताना त्यांच्या मुलाला विचारलं होतं, दहाव्याचं जेवण इथेच की घाटावर? आणि मागच्या महिन्यात शेजारच्या इसाकभाईंचं झालं, म्हणून तर ती इथवर आली. इसाकभाई दारातली ट्यूब बदलायला शिडीवर चढले होते, शिडी सरकली, ते खाली ओल्या फरशीवर पडले. निवृत्ती फाटकातच उभे होते. त्यांनी इसाकभाईंचा पाय बाजूला सारला, पायाखाली आलेला पेपर काढून घेतला आणि घरात येऊन वाचत बसले. संध्याकाळी खातूनबी आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भाभी, बुरा मत मानना, पण भाईसाब ठीक नाहीत. माझा माणूस कण्हतोय आणि हे पेपर झटकतायत. सोळा वर्षांचे शेजारी आपण." उज्वलाने निवृत्तींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पडला तो. पेपर ओला झाला असता."

"दोन वर्षं झाली," उज्वला म्हणाली. इन्शाने लिहिलं नाही. "त्याच्या आधी काही?" तिने विचारलं. "घरच्यांना बरेचदा तो स्वभाव वाटतो, आजार वाटत नाही. शांत झाले, हट्टी झाले, असं म्हणून सोडून देतात. असं काही आठवतंय का, की बाकी सगळे हादरले आणि काकांना मात्र काहीच वाटलं नाही?" उज्वला नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी तिला भाकरीचा वास आला, तव्यावरून नुकत्याच काढलेल्या बाजरीच्या भाकरीचा, आणि तिला कळेना की दवाखान्यात हा वास कुठून आला.

थोड्या वेळापूर्वी इन्शाने निवृत्तींची परीक्षा घेतली होती. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय करायचं? पोलीस चौकीत जमा करायचं, पावती घ्यायची. रांग मोडून पुढे जावं का? जाऊ नये. शेजारी पडला तर? उचलायचं, दवाखान्यात न्यायचं, घरच्यांना कळवायचं. एकही उत्तर चुकलं नाही. उज्वलाला क्षणभर बरंही वाटलं, आपल्या पोराला पैकीच्या पैकी मिळावेत तसं. मग इन्शाने आवाज न बदलता विचारलं, "आणि काका, इसाकभाई पडले तेव्हा तुम्ही काय केलंत?" निवृत्ती म्हणाले, "पेपर घेतला." त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो आणि ओशाळलेल्याचाही नव्हता. नंतर इन्शाने मेंदूच्या स्कॅनची काळी फिल्म उजेडावर धरली आणि भुवयांच्या वरच्या भागावर पेनाचं टोक फिरवलं. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये तिथे रुंद काळी फट होती. उज्वलाचा जन्म जमीन मोजणाऱ्या सरकारी माणसाच्या संसारात गेलेला. तिला त्या फटीत दोन शेतांमधला बांध दिसला, नको तेवढा रुंद झालेला. "नियम दुसरीकडे असतात, काकू. ते पाठ असतात, ते शेवटपर्यंत राहतात," इन्शा म्हणाली. "पण नुसत्या नियमांवर माणूस चालत नाही. समोर कुणी पडलं की आधी आत काहीतरी हलतं. पोटात, छातीत. आपण धावतो. का धावलो ते नंतर सांगतो. काकांच्या आत आता ते हलतच नाही." उज्वलाने विचारलं होतं, "म्हणजे आपण आधी ठरवतो आणि कारणं नंतर शोधतो?" इन्शा हसली होती. "बऱ्याच वेळा. चांगल्या डोक्यांचंही तसंच."

भाकरी कुठली, ते आता उज्वलाला आठवलं होतं. ती महिरावणीच्या रात्रीची होती. त्यांच्या घरात अपघात हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. महिरावणी म्हटलं की कळायचं. बारा वर्षं झाली. मुलाची, महेशची, तलाठ्याच्या यादीत निवड झाली होती, नेमणुकीचं पत्र यायचं बाकी होतं, म्हणून तिघं त्र्यंबकला दर्शनाला गेली होती. परतताना महेश म्हणाला, नाना, मी घेतो गाडी. निवृत्ती त्याच्या शेजारी बसले, ती मागे, मांडीवर प्रसादाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडी. जानेवारीतला दिवस बुडत होता. महिरावणीच्या अलीकडे चिमाजी नावाचा पेठकडचा एक म्हातारा सायकलवरून रस्ता ओलांडत होता आणि महेश नेमका हसत काहीतरी सांगायला मागे, तिच्याकडे वळला होता. काय सांगायला वळला होता, ते त्याने नंतर कधी सांगितलं नाही. आवाज फार मोठा झाला नाही. गाडी थांबली तेव्हा सायकलचं मागचं चाक फिरतच होतं. माणूस जागीच गेला होता. महेश रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून ओकत होता. तिने भावाला, संतोषला, कळवलं होतं; त्याचा फोन पोलिसांच्या आधी आला. त्याचा आवाज एवढा मोठा की तिलाही ऐकू येत होता. "दाजी, गाडी तुम्ही चालवत होतात. ऐकताय ना? तुमची नोकरी दोन वर्षांची राहिलीय, त्याची सुरूसुद्धा नाही झाली. पोलीस व्हेरिफिकेशन लटकेल. तुम्ही चालवत होतात, विषय संपला." निवृत्तींनी ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला. हवालदार आला, तोही शहाणा माणूस होता. त्याने आधी महेशकडे बघितलं, मग निवृत्तींच्या पांढऱ्या केसांकडे, आणि विचारलं, "साहेब, गाडी तुमच्या नावावर दिसते. चालवत तुम्हीच होतात, बरोबर?" सुटायचं दार त्याने स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं. निवृत्ती म्हणाले, "नाही. मुलगा चालवत होता." हवालदार थांबला. मग तो तिच्याकडे वळला. "ताई, तुम्ही मागे होतात ना? नीट आठवून सांगा." ती म्हणाली, "हो. महेशच होता." ठाण्यात ते टाइप झालं, शेवटी नेहमीची ओळ आली, वरील जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे, आणि तिने खाली सही केली.

घरी आल्यावर निवृत्तींनी हातपाय धुतले आणि ताट मागितलं. वांग्याचं भरीत होतं. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली, बुक्कीने कांदा फोडला. दहा मिनिटांत त्यांना झोप लागली. आतल्या खोलीत महेश भिंतीला टेकून बसला होता. ती दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली आणि ते घोरणं ऐकता ऐकता तिला वाटलं, की मन स्वच्छ असलेल्या माणसाला अशी भूक लागते, अशी झोप लागते. त्या वाटण्याला धरून ती उभी राहिली. पुढची बारा वर्षं तिने तेच धरलं होतं. महेशला सहा महिन्यांची शिक्षा झाली, यादीतून नाव गेलं. कोर्टात चिमाजीची बायको भागुबाई आली होती, वकिलाने तिला समजावून सांगितलं की या साहेबांनी खरं सांगितलं म्हणून केस उभी राहिली, तर ती म्हणाली, "गाडी कोनी का चालवंना. माझा मानूस तर गेला ना." उज्वलाला तेव्हा ते अडाणीपणाचं बोलणं वाटलं होतं. निवृत्ती रिटायर झाले तेव्हा शाल-श्रीफळ देताना साहेबांनी भाषणात सांगितलं की हा माणूस आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजत आला आणि वेळ आली तेव्हा पोटच्या पोराच्या बाजूलाही एक इंच सरकला नाही. टाळ्या वाजल्या. तिने डोळे पुसले. महेश त्या आठवड्यात घर सोडून गेला. आता तो चाकणला एका कारखान्यात असतो, लग्न झालं, मुलगी झाली, आरोही. हे सगळं उज्वलाला कळतं ते सून रूपाली चोरून फोटो पाठवते म्हणून. आरोहीला पुढचे दोन दात आले तेव्हा आणि ते पडले तेव्हा, दोन्ही फोटो तिच्याकडे आहेत. मधली वर्षं नाहीत.

"काकू?" इन्शा म्हणाली. उज्वलाने विचारलं, "बारा वर्षांपूर्वी सुरू झालेलं असू शकतं का?" इन्शाने पेन खाली ठेवलं. काही जणांचं फार हळू जातं, ती म्हणाली. डॉक्टर नक्की सांगणार नाहीत, मीही सांगू शकत नाही. पण नाही म्हणणार नाही. "का? काही झालं होतं का?" उज्वला म्हणाली, "नाही. विचार करून सांगते." इन्शाने वर्षाची जागा मोकळी सोडली आणि कोपऱ्यात आपला नंबर लिहून दिला.

रिक्षात निवृत्ती दुकानांच्या पाट्या वाचत होते. मोठ्याने, एकही न गाळता. पाथर्डी फाट्यापर्यंत तिने गेणूभाऊजींची आठवण येऊ दिली नाही. मग आलीच. महिरावणीच्या पंधरा वर्षं आधीची गोष्ट. गावाकडे निवृत्तींच्या सख्ख्या भावाच्या, गेणूभाऊजींच्याच, शेताची मोजणी निघाली होती. दुसऱ्या कुणाला पाठवा असं निवृत्ती साहेबांना म्हणाले होते, पण माणूस नव्हता, त्यांनाच जावं लागलं. हद्द गेणूभाऊजींच्या विहिरीच्या अलीकडून गेली. विहीर शेजाऱ्याच्या वाट्याला. निवृत्तींनी खुणेचे दगड जिथे यायला पाहिजेत तिथे रोवले, नकाशावर सही केली आणि घरी आले. दोन दिवस अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने जबरदस्तीने पेज पाजली, ती उलटली. पोटावर हात ठेवून ते कॉटवर पडून होते आणि म्हणत होते, "उज्वला, दगड बरोबरच रोवला गं. बरोबरच रोवला." तेव्हा तिला त्यांची कीव आली होती, भीतीही वाटली होती. खरं वागलेल्या माणसाला एवढं का दुखावं, असं तिला वाटलं होतं. आणि पंधरा वर्षांनी त्याच माणसाने सख्ख्या पोराचा दगड रोवला आणि तिसरी भाकरी मागितली, तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं की वय वाढलं, माणूस पिकला, आता पूर्ण शांत झाला. दोन्ही दिवस तिच्यासमोर झाले होते. दोन्ही दिवशी ताट तिनेच वाढलं होतं. ते एकमेकांशेजारी ठेवून बघायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने निवृत्तींना चहा दिला. ते बशीतून पीत होते, शांत, तुडुंब शांत. ही शांतता कधीपासूनची, तिने विचारलं स्वतःला, आणि तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न नुसत्या आजाराचा नाही. दोन वर्षं असं लिहिलं तर महिरावणीला जो माणूस बोलला तो तिचा नवरा होता, ज्याच्यासाठी तिने मुलाला जाऊ दिलं तो. बारा वर्षं लिहिलं तर तिथे कुणी बोललंच नव्हतं; एक पाठ केलेला नियम बोलला होता, इसाकभाई पडल्यावर पेपर उचलणाऱ्या माणसाच्या तोंडून. मग ते भाषण, ती शाल, डोळे पुसणं, हे सगळं कशाचं? पण दुसरीकडे, आणि हे तिला रिक्षातच सुचलं होतं, फक्त तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं, बारा वर्षं लिहिलं तर महेश परत येऊ शकत होता. वडिलांनी आपल्याला तोलून, मापून, जाणूनबुजून पोलिसांच्या हाती दिलं, हे तो बारा वर्षं घेऊन फिरतोय. त्याला सांगता येईल, अरे, त्यांनी नाही दिलं. त्यांच्या हातात नव्हतंच ते. नवरा द्यायचा आणि मुलगा घ्यायचा. तिला आपल्या या हिशेबी विचाराची शिसारी आली, आणि तरी तिने फोन हातात घेतला. दुपारचा एक वाजून गेला होता, जेवणाची सुट्टी असणार.

"हॅलो, कोण?"

"महेश, आई बोलते."

मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी भाजी जास्त घेतल्याबद्दल शिवी देत होतं. "रूपालीने दिला का नंबर?"

"तिला काही बोलू नको."

"नाही बोलत." मग, "नाना गेले का?"

"अरे, असं काय बोलतोस!"

"दहा वर्षांनी फोन आला. दुसरं काय समजू?"

तिने सांगितलं. तिने ठरवलं होतं त्यापेक्षा ते वेडंवाकडं झालं. करंजी आधी आली, मग फिल्म, मग इसाकभाई. मेंदूचा पुढचा भाग सुकलाय, माणसाला कुणाचं काही वाटेनासं होतं, त्याचा काही इलाज नाही. डॉक्टर म्हणतात, आधीपासून असू शकतं. कदाचित तेव्हापासूनही.

"तेव्हापासून म्हणजे?"

"महिरावणीपासून."

महेश हसला. ते हसणं नानांच्या वळणाचं होतं, आताच्या नव्हे, जुन्या नानांच्या. "म्हणजे तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. च्यायला. मी आत बसून रोज त्यांना शिव्या घालायचो, आई. मोजून. सकाळ-संध्याकाळ. आजारी माणसाला घातल्या म्हणायच्या." त्याचा आवाज कुठेतरी सैल झाला होता आणि तिने घाईने तिथे हात घातला. "ये ना एकदा. आरोहीला घेऊन ये. त्यांना आता काही सांगू नको, विचारू नको, नुसतं ये."

"थांब. एक विचारू?"

"विचार ना."

"तो माणूस माझ्या हातून गेला. ते मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारलं नव्हतं. कधीकधी वाटतं, झालं ते बरोबरच झालं. मी ते विचारत नाहीये. पण हवालदाराने नानांना विचारलं आणि नंतर तुला विचारलं. मी खाली बसलो होतो, तुझ्याकडे बघत होतो. नानांचं आता कळलं. त्यांच्या आत काही हललं नसेल. तुला काय झालं होतं?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं डोकं तर चांगलं होतं ना, आई?"

तो खरंच वाट बघत होता, भांडण्यासाठी नव्हे. त्याला माहीत करून घ्यायचं होतं. उज्वला मनाने महिरावणीला गेली. हवालदाराचं वाक्य संपलं आणि तिचं सुरू झालं, त्याच्या मधल्या जागेत तिने शोधलं. तिथे खूप काही असायला पाहिजे होतं. चिमाजी असायला पाहिजे होता, तिचा मुलगा असायला पाहिजे होता, खरं आणि खोटं, दोन्हींची ओढाताण, छातीत कळ. तिथे काही नव्हतं. हाताला कोथिंबिरीचा ओलावा लागत होता. तिने महेशकडे बघितलं नव्हतं, रस्त्यावर झाकलेल्या माणसाकडेही नाही. तिने निवृत्तींच्या तोंडाकडे बघितलं होतं, लग्न झाल्यापासून कुठलीही गोष्ट ठरवायची असली की बघायची तसं, आणि त्या तोंडावर इतकी शांतता होती की तिला वाटलं, ठरलेलंच आहे. मग ती बोलली. ज्या चेहऱ्यामागे कदाचित तेव्हाच कुणी नव्हतं, त्याच्याकडे बघून तिच्या धडधाकट डोक्याने आपला मुलगा देऊन टाकला होता, आणि त्याला एक क्षणसुद्धा लागला नव्हता.

"अरे, खरं सांगणं आपलं—" तिने सुरुवात केली आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला. ते वाक्य महिरावणीहून आलेलं नव्हतं. ते आत्ता तयार होत होतं, तोंडात, एकेक शब्द करून. ती थांबली. पलीकडे भोंगा वाजला, खुर्च्या सरकल्या.

"राहू दे," महेश म्हणाला. "लाइन सुरू झाली. नानांना सांभाळ." आणि मग, "नंबर राहू दे तुझ्याकडे. पण लावू नको."

फोन बंद झाल्यावर उत्तरं यायला लागली. एकामागून एक, चार-पाच तरी, सगळी पटण्यासारखी.